गाडी लेट झाली तर काय करावे: सांगली-मिरज मार्गावर नव्याने अप-डाउन करणाऱ्यांसाठी

दरवर्षी जून-जुलैमध्ये कराड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, नांद्रे या स्टेशनांवर नवे चेहरे दिसू लागतात. कोणाला विश्रामबागेतील महाविद्यालयात प्रवेश मिळालेला असतो, कोणी मिरजेच्या रुग्णालयात रुजू झालेले असते, तर कोणाला कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीची नोकरी लागलेली असते. पहिल्या आठवड्यात सगळे सुरळीत चालते आणि मग एके सकाळी गाडी येत नाही. फलाटावरच्या गर्दीत नवा माणूस कोण, हे त्या दिवशी लगेच ओळखू येते. तो दर दोन मिनिटांनी रुळाच्या टोकाकडे पाहत राहतो आणि "येईलच आता" असे स्वतःला सांगत आपल्या हातातला महत्त्वाचा वेळ घालवतो.

मी किर्लोस्करवाडी ते मिरज हा प्रवास अकरा वर्षे केला. त्यातून जे शिकलो ते नव्या प्रवाशांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे क्रमाने मांडत आहे. उशीर किती होणार हे सुरुवातीला सहसा कोणालाच सांगता येत नाही, पण तो कोणत्या जातीचा आहे हे बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांत कळते, आणि थांबायचे की निघायचे हा निर्णय त्या जातीवरून घ्यायचा असतो.

पहिली पायरी: उशीर होण्याआधीची तयारी

आपल्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या गाडीचा पाच अंकी क्रमांक पाठ करावा. "सकाळची कोल्हापूर पॅसेंजर" एवढ्या ओळखीवर ऐन वेळी चौकशी करता येत नाही. कोरोनाच्या काळात पॅसेंजर गाड्यांना शून्याने सुरू होणारे क्रमांक दिले गेले होते, ते १ जानेवारी २०२५ पासून बदलले. त्यामुळे एखाद्या जुन्या फलकावर किंवा कोणी पाठवलेल्या जुन्या वेळापत्रकात शून्याचा क्रमांक दिसला, तर तो वापरू नये.

त्यानंतर मोबाइलमध्ये रेल्वेचे एनटीईएस हे अॅप घ्यावे. आजची गाडी कोठे आहे हे त्यात दिसतेच, पण नव्या प्रवाशाला त्याचा याहून मोठा उपयोग असा की मागील काही दिवस ती गाडी आपल्या स्टेशनात प्रत्यक्ष किती वाजता आली, हेही पाहता येते. पहिल्या आठवड्यात रोज रात्री हे पाहून वहीत टिपून ठेवावे. जी गाडी रोज दहा-पंधरा मिनिटे उशिराच येते, तिच्या बाबतीत तीच खरी वेळ मानून आपला दिवस आखावा. ज्यांना इंटरनेट वापरणे अवघड जाते त्यांनी १३९ या क्रमांकावर फोन करावा. चौकशी आणि तक्रार या दोन्हींसाठी आता हाच एक क्रमांक आहे.

आपली गाडी जेथून सुटते तेथे तिचे डबे कोणत्या गाडीतून येतात, हेही विचारून घ्यावे. जी गाडी येऊन पोहोचते तिच्याच डब्यांची पुढे दुसरी गाडी होते, आणि या डब्यांच्या संचाला रेल्वेची माणसे रेक म्हणतात. रेकच आला नसेल तर आपली गाडी वेळेवर सुटणार नाही, हे तासभर आधी घरात बसून कळू शकते. मिरजेला ही गोष्ट विशेष लागू पडते, कारण या जंक्शनला पुण्याकडून, कोल्हापूरकडून, पंढरपूर-कुर्डुवाडीकडून आणि बेळगावकडून गाड्या येतात. यांपैकी पुणे आणि कोल्हापूरची बाजू पुणे विभागाकडे, कुर्डुवाडीची सोलापूर विभागाकडे, तर बेळगावची दक्षिण-पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाकडे आहे. लांब कोठेतरी पडलेल्या पावसाचा किंवा अडथळ्याचा परिणाम मिरजेच्या फलाटावर दिसतो तो यामुळेच.

या तयारीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे निर्णयाची वेळ आधीच ठरवून ठेवणे. समजा, मिरजेत सकाळी नऊला हजर व्हायचे आहे. आपल्या गावाहून एसटीला पाऊण तास लागतो, स्टेशनापासून एसटीच्या थांब्यापर्यंत चालत दहा मिनिटे लागतात आणि बस मिळेपर्यंत पंधरा मिनिटे जाऊ शकतात. म्हणजे एकूण सत्तर मिनिटे होतात आणि निर्णयाची वेळ सात पन्नास ठरते. सात पन्नासपर्यंत गाडी आली नाही आणि ती नेमकी कोठे आहे याची खात्रीही झाली नाही, तर फलाट सोडायचा. हा हिशेब घरी शांतपणे करून ठेवावा, कारण गर्दीत उभे असताना बाकीचे सगळे थांबले आहेत एवढ्याच कारणाने माणूस थांबतो.

दुसरी पायरी: उशीर ओळखणे

आमच्या मार्गावर उशीर मुख्यतः तीन प्रकारचे असतात.

पहिला क्रॉसिंगचा किंवा मागून येणाऱ्या गाडीला वाट देण्याचा. पुणे-मिरज मार्गाच्या दुहेरीकरणाचे काम मोठ्या प्रमाणावर झाल्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबणे पूर्वीपेक्षा कमी झाले आहे, परंतु मिरज-कोल्हापूर हा मार्ग एकेरी असल्याने तेथे क्रॉसिंग अटळ आहे. शिवाय मार्ग दुहेरी असला तरी एकाच दिशेने जाणाऱ्या दोन गाड्यांपैकी जलद गाडीला पुढे काढावे लागते आणि पॅसेंजर बाजूला घेतली जाते. सप्टेंबर २०२४ पासून या मार्गावर वंदे भारत गाड्याही धावू लागल्या आहेत, त्यांना वाट देण्यासाठी पॅसेंजर थांबणे हा नित्याचा भाग समजावा. असा उशीर सहसा अर्ध्या तासाच्या आत संपतो आणि त्यासाठी गाडी सोडून जाऊ नये.

डब्यात बसून क्रॉसिंग कसे ओळखावे, हे मला ताकारीहून येणाऱ्या एका वयस्कर पासधारकांनी शिकवले. ते रोज खिडकीपाशी मांडीवर डबा ठेवून बसत. स्टेशन जवळ येताना चाकांखाली एक खडखडाट होऊन डबा किंचित एका बाजूला झुकला की ते लगेच म्हणत, "सांधा बदलला, बाजूच्या लाइनला घेतली." मग ते घड्याळ पाहत आणि डबा उघडत. गाडी मुख्य रूळ सोडून लूप लाइनवर गेली की तो झोका जाणवतोच, आणि पलीकडचा मुख्य रूळ मोकळा दिसतो. त्यावरून दुसरी गाडी धडधडत निघून गेली की थोड्या वेळात आपला सिग्नल पडतो. मात्र एक गाडी गेल्यावरही सिग्नल लाल राहिला, तर मागोमाग दुसरीही गाडी काढायची आहे असे समजावे. डब्यात एकच कल्लोळ चालू असताना त्यांच्यासारखा माणूस शांत बसू शकत असे, कारण त्यांना काय चालले आहे ते कळत होते.

दुसरा प्रकार ब्लॉकचा. रुळांचे, पुलाचे, विजेच्या तारांचे किंवा सिग्नलचे काम करण्यासाठी ठराविक तास वाहतूक बंद ठेवली जाते. नियोजित ब्लॉकची सूचना बहुधा आधी दिली जाते, ती वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांवर छापून येते आणि स्टेशनातील फलकावरही लागते. या सूचनेत तीन शब्द नीट वाचावेत. गाडी "रद्द" असेल तर अर्थ स्पष्ट आहे. "शॉर्ट टर्मिनेट" म्हणजे गाडी वाटेतील एखाद्या स्टेशनापर्यंतच धावेल आणि तेथूनच परत फिरेल. "रीशेड्युल" म्हणजे ती सुटण्याची वेळच पुढे ढकलली आहे. नव्या प्रवाशाची फसगत शॉर्ट टर्मिनेटमध्ये होते, कारण सकाळची गाडी सांगलीपर्यंतच येणार असेल तर संध्याकाळी मिरजेहून तीच गाडी सुटणार नाही, हे त्याच्या लक्षात येत नाही. सकाळी ब्लॉकची बातमी कळली की परतीच्या गाडीची चौकशी त्याच वेळी करून टाकावी.

तिसरा प्रकार अचानक आलेल्या अडथळ्याचा: इंजिन बंद पडणे, वीजपुरवठा तुटणे, सिग्नलमधील बिघाड, रुळावर जनावर येणे, झाड पडणे किंवा दरड कोसळणे. यात वेळेचा अंदाज बांधता येत नाही आणि पहिली घोषणा नेहमी कमी उशिराची असते. ती खोटी नसते, परंतु ज्या वेळी केली जाते त्या वेळी अडथळ्याचे पूर्ण स्वरूप कोणालाच ठाऊक नसते. घोषणेतील उशीर एकदा वाढला, म्हणजे वीस मिनिटांचे पन्नास झाले, तर तो पुन्हा वाढेल असे धरूनच चालावे. माझा अनुभव असा की दुसऱ्या घोषणेनंतर थांबणाऱ्यांपैकी बहुतेकांना शेवटी एसटीच धरावी लागली.

प्रकार ओळखता येत नसेल तर स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात जाऊन विचारावे, पण प्रश्न नेमका असावा. "गाडी कधी येणार?" याला उत्तर मिळत नाही. "मागच्या स्टेशनातून सुटली का?" याला मिळते. मागच्या स्टेशनातून गाडी सुटली असेल तर थांबावे, आणि सुटली नसेल तर आपल्या निर्णयाच्या वेळेकडे पाहावे.

तिसरी पायरी: गाडी मध्येच उभी राहिली तर

येथे मी थोडा आग्रहाने लिहितो. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये उभी असताना खाली उतरू नये. शेजारच्या रुळावरून विजेच्या इंजिनाची गाडी फारसा आवाज न करता वेगाने येते, आणि उतरणाऱ्याचे लक्ष पायाखालच्या खडीकडे असते. शिवाय रुळांवर विनापरवाना जाणे हा रेल्वे कायदा, १९८९ मधील कलम १४७ नुसार गुन्हा आहे, आणि पुरेशा कारणाशिवाय साखळी ओढल्यास कलम १४१ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उशीर झाला हे पुरेसे कारण ठरत नाही.

२७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापूरला येणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. गाडीत सुमारे एक हजार पन्नास प्रवासी होते आणि चहूकडे पाणी होते. गाडीतून उतरू नका, डब्यातच थांबा, असे आवाहन रेल्वेने त्या वेळी केले होते. पुढे एनडीआरएफ, नौदल आणि स्थानिक लोकांच्या मदतीने सर्वांना सुखरूप बाहेर काढण्यात आले. आपल्याकडचे अनेक जण त्या गाडीत होते. एवढ्या भयंकर प्रसंगातही डबा हीच सर्वांत सुरक्षित जागा होती, तर उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या पॅसेंजरमधून उडी मारण्याचे कारण उरत नाही.

छोट्या स्टेशनात उतरतानाही विचार करावा. काही वर्षांपूर्वी आमची गाडी अशाच एका छोट्या स्टेशनात बाजूच्या लाइनला उभी होती. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेली एक मुलगी माझ्या समोर बसली होती. तिची त्या दिवशी चाचणी होती. डब्यातील चार-पाच तरुण "रस्त्याने जाऊ" म्हणत उतरले आणि त्यांच्या मागोमाग तीही उतरली. तरुणांना न्यायला कोणाची तरी मोटारसायकल येणार होती, हे तिला माहीत नव्हते. ती फलाटाच्या टोकापर्यंत पोहोचते न पोहोचते तोच शेजारून एक्स्प्रेस गेली, आमचा सिग्नल पडला आणि गाडी हलली. पाठीवर पिशवी, हातात छत्री घेऊन ती फलाटावर उभी राहिलेली मी दारातून पाहिली. डब्यात बसून राहिलेले आम्ही पंचवीस मिनिटांत मिरजेत होतो, आणि तिला मात्र त्या आडरस्त्यावर तासाभराने बस मिळाली, असे तिने दुसऱ्या दिवशी सांगितले. तिला आधी थांबवायला हवे होते, ही रुखरुख मला आजही आहे.

म्हणून वाटेत उतरण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: उशीर क्रॉसिंगचा नाही याची खात्री, आणि त्या स्टेशनाजवळून बस किंवा वडाप (प्रवासी गोळा करून नेणारी खासगी गाडी) नक्की मिळते का याची माहिती. जोडीला पिण्याचे पाणी, पॉवर बँक आणि थोडे खाणे नेहमी जवळ असावे. भडंगाचा पुडा आणि दोन राजगिऱ्याचे लाडू पिशवीत पडून राहिले तरी खराब होत नाहीत.

चौथी पायरी: रस्त्याने जाणे

सांगली आणि मिरज यांच्यात अंतर दहा किलोमीटरच्या आसपास आहे आणि या दोन शहरांदरम्यान बस व रिक्षा सतत चालू असतात. त्यामुळे गाडी सांगलीत अडकली आणि आपल्याला मिरजेला जायचे असेल, तर फार वेळ थांबू नये. किर्लोस्करवाडीच्या प्रवाशांनी पलूसहून सुटणाऱ्या बसच्या वेळा लिहून ठेवाव्यात. कराडला मात्र रेल्वे स्टेशन ओगलेवाडीला आहे आणि एसटी स्थानक शहरात आहे, तसेच साताऱ्याचे स्टेशनही माहुलीच्या बाजूला, शहरापासून दूर आहे. या दोन ठिकाणी निर्णयाच्या वेळेत स्टेशन ते स्थानक हा वेळ वेगळा धरावा लागतो.

एसटीमध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना तिकीट लागत नाही आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. तरीही एका फेरीचे पूर्ण भाडे भागेल एवढे सुटे पैसे पासाच्या पाकिटातच ठेवावेत, कारण आपत्तीच्या दिवशी वडापवाला ऑनलाइन पैसे घेईलच असे नाही. वडापने जायचे झाल्यास शक्यतो आपल्याच डब्यातील तीन-चार ओळखीचे प्रवासी मिळून जावे. रात्री एकट्या मुलींनी तर हे कटाक्षाने पाळावे आणि घरी गाडीचा क्रमांक कळवावा.

पावसाळ्यासाठी वेगळे

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीकर रोज सकाळी आयर्विन पुलाची पाणीपातळी पाहतात. कृष्णेची तेथील इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ फूट आहे. रेल्वेने जाणाऱ्यांनी हे दोन्ही आकडे लक्षात ठेवावेत, कारण मिरज आणि जयसिंगपूरच्या मध्ये लोहमार्ग कृष्णा ओलांडतो आणि रुकडीजवळ पंचगंगा. पाणी वाढले की आधी पुलावर वेगमर्यादा येते, त्याला डब्यातील लोक "कॉशन लागला" म्हणतात, आणि त्याहून वाढले तर वाहतूक थांबवली जाते. २०१९ च्या महापुरात मिरज-कोल्हापूर रेल्वे बंद पडली होती. अशा वेळी रस्तेही पाण्याखाली जात असल्याने वर सांगितलेला एसटीचा पर्याय उरत नाही, म्हणून पातळी इशाऱ्याकडे सरकू लागली की कामाच्या ठिकाणी मुक्कामाची सोय विचारून ठेवावी आणि औषधे व एक जोड कपडे बरोबर न्यावेत.

पुण्याकडून येणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत शिंदवणे आणि आदर्कीचे घाट, तर मुंबईकडून येणाऱ्यांच्या बाबतीत कर्जत-लोणावळा घाट लक्षात ठेवावा. तेथे दरड कोसळल्याची बातमी रात्री आली, तर सकाळी आपल्याकडच्या एक्स्प्रेस उशिरा येणार हे धरून आपण पॅसेंजरसाठी लवकर निघावे.

तिकीट, पास आणि परतावा

साध्या डब्याचे १९९ किलोमीटरपर्यंतचे तिकीट काढल्यापासून तीन तासांच्या आत, किंवा त्या ठिकाणी जाणारी पहिली गाडी सुटेपर्यंत, यांपैकी जे नंतर असेल तोपर्यंत प्रवास सुरू करण्यासाठी चालते. त्यामुळे पॅसेंजर दोन तास उशिरा आली तरी घाबरून दुसरे तिकीट काढू नये. असे तिकीट रद्द करता येते, पण दर प्रवाशामागे तीस रुपये कापले जातात. पॅसेंजरचे किमान भाडेच दहा रुपये असल्याने जवळच्या अंतराला हातात काही येत नाही. त्या पैशांसाठी खिडकीवर रांगेत उभे राहून बस चुकवू नये.

पॅसेंजर रखडली म्हणून समोर आलेल्या एक्स्प्रेसमध्ये पॅसेंजरच्या तिकिटावर चढू नये. आधी खिडकीवर जाऊन फरक भरावा. ज्या दिवशी उशिराची शंका असेल त्या दिवशी सुरुवातीलाच एक्स्प्रेसचे तिकीट काढावे, ते पॅसेंजरलाही चालते. त्याचे किमान भाडे तीस रुपये आहे. विनातिकीट सापडल्यास भाड्याशिवाय किमान २५० रुपये दंड होतो.

पास १५० किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी मिळतो. तो सर्वच एक्स्प्रेसना चालत नाही. आपल्या अंतरात कोणत्या एक्स्प्रेसना चालतो हे पास काढतानाच खिडकीवर विचारून त्याच्या मागे लिहून ठेवावे. वंदे भारत पूर्ण आरक्षित असल्याने तिला पास किंवा साधे तिकीट कधीही चालत नाही.

आरक्षित तिकीट असेल तर नियम वेगळे आहेत. गाडी आपल्या स्टेशनात तीन तासांपेक्षा जास्त उशिरा येणार असेल आणि आपण जायचे नाही असे ठरवले, तर पूर्ण पैसे परत मिळतात. मात्र ऑनलाइन तिकिटासाठी टीडीआर (पैसे परत मागण्याचा ऑनलाइन अर्ज) आणि खिडकीवरच्या तिकिटासाठी प्रत्यक्ष तिकीट, गाडी सुटण्यापूर्वीच द्यावे लागते. गाडी पूर्ण रद्द झाली तर ऑनलाइन तिकिटाचे पैसे आपोआप खात्यात येतात आणि खिडकीवरचे तिकीट तीन दिवसांच्या आत परत करावे लागते. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे पुढची चुकण्याची भीती असेल तर दोन आरक्षित गाड्यांचे पीएनआर (आरक्षणाचे क्रमांक) एकमेकांना जोडता येतात, पण पॅसेंजरचे साधे तिकीट कशालाच जोडता येत नाही. म्हणून मिरजेहून किंवा पुण्याहून पुढची गाडी धरायची असेल, तर तेथपर्यंत पोहोचवणारी पॅसेंजर एक गाडी आधीची घ्यावी आणि मधला वेळ प्रतीक्षालयात काढावा.

उशिरा पोहोचल्याबद्दल कार्यालयात किंवा महाविद्यालयात विचारणा झाली, तर एनटीईएसवरील त्या दिवसाच्या वेळेचे छायाचित्र पुरावा म्हणून दाखवता येते. जुन्या दिवसांची नोंद तेथे फार काळ राहत नाही, म्हणून ते त्याच संध्याकाळी परतीच्या गाडीत बसल्या बसल्या काढून ठेवावे.